अण्णांच्या पिकअपचा डिझेल फिल्टर

चालणाऱ्या गाडीचे किस्से होत नाहीत. ती सुटते, पोहोचते, संपलं. किस्सा व्हायला गाडी बंद पडावी लागते, तीही जागा बघून. या बाबतीत आमची पिकअप फार गुणी. गेल्या हिवाळ्यात तिनं इतकं काही दिलं की आता आम्ही तिघं कुठंही जमलो आणि कुणी नुसतं "फिल्टर" म्हणालं, तरी चहाचे कप रिकामे होऊन वाळतात, विषय संपत नाही. न ऐकलेला माणूस हमखास विचारतो, "एवढं काय त्यात? फिल्टर तर बदलायचा." त्याच्यासाठीच लिहिते आहे.

आम्ही तिघं म्हणजे मी, मल्लू आणि संग्राम. मी गौरी, फिजिक्सवाली. मल्लू म्हणजे मल्लिकार्जुन, केमिस्ट्रीवाला, गडहिंग्लजकडचा. घरात निम्मं कन्नड बोलतात, त्यामुळे माझ्याहून मोठा असूनही तो मला "अक्का" म्हणतो. संग्राम बी.कॉम. आहे, पण त्याचं खरं शिक्षण तालमीत झालं. दरवाजातून आत येताना तो थोडा तिरका होतो.

कॉलेज सुटल्यावर आम्ही एक काम सुरू केलं. पिकअपमध्ये सूक्ष्मदर्शक, भिंगं, परीक्षानळ्या, दुर्बीण असं सगळं भरायचं आणि मलकापूरकडच्या गावांतल्या शाळांत जाऊन मुलांच्या हातानं प्रयोग करून घ्यायचे. परीक्षानळीचं चित्र पाठ करून मुलं दहावी पास होतात, हे मला सहन होत नव्हतं. अजूनही होत नाही. कृती, निरीक्षण, अनुमान असं सुवाच्य अक्षरात लिहिणाऱ्या मुलीनं आयुष्यात एकदाही काही निरखलेलं नसतं. यावर मी तासभर बोलू शकते. संग्राम म्हणतो, बोलतेच.

पिकअप संग्रामच्या वडिलांची. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणतं. पन्हाळ्याच्या पायथ्याला त्यांचा ऊस, त्यांची गुऱ्हाळं. गुळाची वाहतूक करून करून गाडी म्हातारी झाली होती. आम्ही मागायला गेलो तेव्हा अण्णा अंगणात दाढी करत होते. त्यांनी वस्तरा खाली ठेवला नाही.

"न्या," ते म्हणाले. "पर एक सांगून ठेवतो. आजपतोर मी लोकांच्या गाड्या वढून आणल्यात. माझी कुणी वढलेली न्हाय. ज्या दिवशी माझी गाडी दुसऱ्या गाडीच्या शेपटाला बांधून ह्या दारात ईल, त्या दिवशी तुमची प्रयोगशाळा बंद."

"अण्णा, तशी वेळच येणार नाही," मी म्हणाले.

संग्रामनं माझ्याकडं बघितलं. त्याला गाडी माहीत होती.

*

पहिल्याच आठवड्यात मलकापूरच्या अलीकडच्या चढाला गाडी खोकली, दोन हिसके दिले आणि थांबली. सपाट रस्त्यावर तोपर्यंत मस्त पळत होती.

संग्राम खाली उतरला, त्यानं बॉनेट उघडलं आणि खांद्यावरच्या टॉवेलनं इंजिनाला वारा घालायला लागला. कुस्तीच्या दोन डावांमध्ये पैलवानाला घालतात तसा.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"दमलीया."

"संग्राम, यंत्र दमत नाही. यंत्राला स्नायू नसतात. काहीतरी कारण असणार, आपण लक्षणं नोंदवू, एकेक शक्यता तपासू..."

"तपास की," तो म्हणाला आणि वारा घालत राहिला.

मी शक्यता मांडेपर्यंत त्यानं किल्ली फिरवली. गाडी चालू झाली आणि चढ चढून गेली.

"दमली नव्हती, तर मग आता कशी चालली?" त्यानं विचारलं.

विज्ञानाचा प्रसार करायला निघालेल्या गाडीत विज्ञान पहिल्याच चढाला हरलं. त्यानंतर प्रत्येक चढाच्या मध्यावर संग्राम विश्रांती जाहीर करायचा. मल्लूनं तर वेळापत्रकातच "गाडीचा दम" असा रकाना टाकला.

*

कोल्हापूरच्या माणसाला रस्त्यात बंद गाडी दिसली की तो पुढं जाऊच शकत नाही. हा गुण आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण त्याचा त्रासही आहे.

एकदा आम्ही एका चहाच्या टपरीसमोर बंद पडलो. मी बॉनेटपाशी पोहोचण्याआधी तिथं माणसं जमली होती.

"क्लच गेला."

"क्लच कशानं जाईल? डिझेलात पाणी हाय."

"पावणं, गाडी कुठली तुमची? पन्हाळ्याकडची? मग हवा मानवंना झालीया."

एक गृहस्थ दुचाकीवरून उतरले. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं, टोपी काढली आणि बॉनेटला कान लावला. डोळे मिटले. सगळे श्वास रोखून उभे.

"इंजिन बंद आहे," मी म्हणाले.

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "म्हणूनच आवाज ईना झालाय."

तेवढ्यात संग्रामनं नेहमीची विश्रांती संपवून किल्ली फिरवली. गाडी चालू झाली. त्या गृहस्थांनी टोपी घातली, सगळ्यांकडं एकदा बघितलं, आणि टपरीवाल्यानं त्यांचा चहा फुकट केला. आम्हाला निघता मात्र येईना. त्यांची बायको माहेरी गेली होती, पण आई घरात होती आणि भाकरी खाल्ल्याशिवाय पुढं जायचं नाही असं ठरलं होतं. आम्ही सोडून सगळ्यांनी ठरवलं होतं.

त्या दिवशीच्या शाळेत आम्ही मधल्या सुट्टीनंतर पोहोचलो. मुख्याध्यापक फाटकात उभे होते. ते म्हणाले, "विज्ञानात वेळ मोजायला शिकवता ना तुम्ही?"

मी रात्रभर चिडलेली होते. भाकरी चांगली होती, हे कबूल.

*

शहरातल्या एका गॅरेजवाल्याकडं गाडी नेली. तो संग्रामचा तालमीतला मित्र, त्यामुळे गाडीकडं बघण्याआधी दोघांनी एकमेकांचे दंड बघितले.

मी तोपर्यंत वाचून आले होते. सपाटीला ठीक, चढाला दम तुटतो, थोडं थांबलं की पुन्हा चालू: इंजिनाला डिझेल पुरत नाही. डिझेलचा फिल्टर तुंबला असणार.

"फिल्टर बघा," मी म्हणाले.

"बदललाय की."

"कधी?"

"दर सर्व्हिसिंगला बदलतोय." त्यानं खाली वाकून एक चकचकीत डबा दाखवला. खरंच नवा होता.

"हा ऑइलचा," मी म्हणाले. "डिझेलचा कुठं आहे?"

तो गाडीखाली गेला. बराच वेळ आतच राहिला. मग बाहेर आला, कापडानं हात पुसले आणि संग्रामला विचारलं, "ही शिकलेली हाय का?"

"लई."

"मग तिलाच इचार. मला तर ह्या गाडीत डिझेलचा फिल्टर कुठं दिसला न्हाय. कंपनीनं बसवलाच नसंल."

संग्रामला हे उत्तर पटलं. परत येताना म्हणाला, "जी वस्तूच न्हाय, ती तुंबंल कशी?"

*

पण माझा संशय पक्का केला तो मल्लूनं, आणि तोही शिकवता शिकवता.

एका शाळेच्या फाटकातच गाडी थांबली होती. आम्ही पेट्या उचलून आत नेल्या. मल्लूचा त्या दिवशीचा प्रयोग म्हणजे गढूळ पाणी गाळणं. नरसाळं, त्यात गाळणकागद, वरून ओढ्याचं लालभडक पाणी. खाली स्वच्छ पाणी पडायला लागलं, पोरं खूश. मल्लू ओतत राहिला. हळूहळू कागदावर चिखलाचा थर बसला आणि धार बारीक झाली.

"आता बघा," मल्लू म्हणाला, "वरनं कितीबी घाई करा, खाली थेंबच पडणार. पर थोडं थांबलं, की खाली परत जमतंय. ते वापरलं, की परत..."

आणि तो खिडकीतून फाटकाकडं बघायला लागला. हातातलं पाणी नरसाळ्याच्या काठावरून त्याच्या बुटांत चाललं होतं.

"अक्का," तो म्हणाला, "गाडी दमत न्हाई. गाडीला तहान लागलीया."

वर्गातल्या सगळ्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हा प्रयोगाचाच भाग आहे. मुख्याध्यापकांनी शेऱ्यात लिहिलं, "सादरीकरण नाट्यमय."

*

मग फिल्टर शोधायची मोहीम. रविवार निवडला, कारण अण्णा एका सोयरिकीसाठी जयसिंगपूरला निघाले होते. त्यांच्या दारात, त्यांच्या गाडीच्या तंगड्या वर केलेल्या त्यांना दिसू नयेत, एवढीच संग्रामची अट होती.

मल्लूनं मोबाइलवर व्हिडिओ लावला. त्यातला माणूस हिंदीत सांगत होता, "बॉनेट खोलिए, फिल्टर सामने ही दिखेगा." आम्ही उघडलं. समोर बॅटरी होती.

"दुसऱ्या मॉडेलचा हाय," संग्राम म्हणाला.

दुसरा व्हिडिओ लावला. त्यात फिल्टर डाव्या चाकामागं होता. आमच्याकडं तिथं उंदराचं घर होतं, आत कुणी नव्हतं.

"व्हिडिओ बंद," मी म्हणाले. "डिझेल टाकीतून निघतं आणि इंजिनाला जातं. मध्ये कुठंतरी फिल्टर असणारच. टाकीपासून पाइप धरून चालायचं."

मी गाडीखाली शिरले. पाइप बोटानं चाचपत सरकत गेले. केसांत माती, तोंडात माती, आणि बाहेरून शेजारच्या काकूंचा आवाज: "संग्राम, पोरगीला गाडीखाली घातलीस व्हय रं? पावणं बघायला आलं तर काय सांगायचं?"

"फिजिक्स हाय म्हणायचं, काकू."

चासीच्या पट्टीवरून पाइप सरळ गेला, वळला आणि एका लोखंडी पेटीमागं गडप झाला. ही पेटी कंपनीची नव्हती. गाडी नवी घेतली तेव्हा अण्णांनी ती हौसेनं करून घेतली होती. आमच्याकडं नवी गाडी शोरूममधून येते तशी कुणी ठेवत नाही. तिला बाजूचे फाळके बदलतात, गोंडे लावतात, नावं रंगवतात. अण्णांनी दोर, पहार आणि जेवणाचा डबा ठेवायला पेटी बसवून घेतली आणि तिच्यावर पेंटरकडून उसाची दोन कांडकी काढून घेऊन खाली लिहून घेतलं: "वाट द्या, ऊस वाळतोय."

बसवणाऱ्यानं पेटी बसवली ती नेमकी फिल्टरच्या तोंडावर. गाडी पहिल्या दिवशी दारात आली तेव्हापासून फिल्टर भिंतीआड होता. कुणाला दिसलाच नाही, त्यामुळे कुणी बदललाच नाही, आणि मग सगळ्यांनी मिळून तो नाहीच असं ठरवलं.

पेटी काढायची म्हटल्यावर संग्रामचा चेहरा पडला. "अण्णा माझी कातडी सोलतील. ही पेटी त्यांनी माझ्या बारशाएवढी वाजतगाजत बसवलीया."

"पेटी हवी की गाडी?"

त्यानं पान्हा लावला आणि जोर केला. कडकन आवाज आला. आम्हाला वाटलं बोल्ट निघाला. पान्हा तुटला होता.

"तालमीतली माती बरी," तो हातातल्या तुकड्याकडं बघत म्हणाला. "माणूस पडला की कळतंय तरी."

खोबरेल तेल सोडून, ठोकून, शिव्या देऊन बोल्ट सुटले. पेटी बाजूला झाली आणि मागं चिखलाचं एक वारूळ दिसलं. मल्लूनं ते स्क्रू ड्रायव्हरनं खरवडलं. आतून फिल्टर निघाला. मल्लूनं हात जोडले. मीही जोडले.

*

आता नवा आणायचा. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "ह्या गाडीला दोन जातीचे बसतात. जुना घेऊन या, तसाच देतो."

म्हणजे जुना काढायचा. काढला की गाडी मेली. ती मेलेली असताना दुकान गाठायचं, आणि अण्णा परत यायच्या आत तिला जिवंत करायचं. संग्रामची मोटारसायकल त्याच दिवशी त्याच्या मेव्हण्यानं नेली होती. मल्लू एसटीनं निघाला.

फिल्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत होता आणि पिशवी गळत होती. कंडक्टर नाक वर करत मागं आला.

"रॉकेल कुणाकडं हाय?"

"रॉकेल न्हाई, साहेब," मल्लू उठून उभा राहिला. केमिस्ट्रीत त्याला चूक चालत नाही. "डिझेल हाय. डिझेल रॉकेलपेक्षा उशिरा पेट घेतंय, त्यामुळं तसा धोका..."

'पेट' हा शब्द ऐकताच पुढच्या बाकावरच्या आजी उठल्या. मागोमाग निम्मी गाडी उठली. कंडक्टरनं घंटी मारली. मल्लू आपलं वाक्य पूर्ण करत असतानाच खाली उतरवला गेला.

उरलेला रस्ता त्यानं दुधाच्या टेम्पोतून केला. दुकानदारानं फिल्टर हातात घेतला, आंबा पारखतात तसा फिरवून बघितला, वास घेतला आणि आतल्या खोलीतल्या भावाला हाक मारली.

"बाहेर ये जरा. पन्हाळ्यावर खोदकाम झालंय वाटतं."

भाऊ आला, शेजारचा टायरवाला आला, तीन गिऱ्हाइकं आली. फिल्टर सगळ्यांच्या हातांतून फिरला. मल्लू म्हणतो, त्याला स्वतःच्या मुलाचं बारसं चालल्यासारखं वाटत होतं.

नवा फिल्टर मिळाला. मल्लू निघताना जुना उचलायला लागला, तर दुकानदारानं त्याच्या हातावर हात ठेवला. "हा राहू द्या हितं. फिल्टर बदलू का नको म्हणून जो इचारंल, त्याला नुसता दाखवीन. बोलायचं काम न्हाय."

*

बसवणं सोपं असतं असं व्हिडिओत दिसतं. नवा फिल्टर डिझेलनं भरला, रबरी रिंगला बोट फिरवलं, हातानंच आवळून बसवला. आणि गाडी चालू होईना.

"पाइपात हवा आहे," मी म्हणाले. "फिल्टरच्या टोपीवरचं बटण दाबत राहायचं. डिझेल पुढं सरकतं, हवा निघून जाते."

अंगठ्याएवढं बटण होतं. संग्रामनं मोठ्या आत्मविश्वासानं दाबायला सुरुवात केली. आधी गप्पा मारत, मग गप्प बसून, मग दात खाऊन. शंभर किलोचा पैलवान एका बटणापुढं घामाघूम झाला. त्यानं अंगठा बदलला, हात बदलला, शेवटी कोपर लावून बघितलं.

"बघू इकडं," शेजारच्या काकू म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला आणि हातातल्या लाटण्याच्या मुठीनं बटण दाबायला लागल्या, कुणाच्या तरी नावानं. बहुतेक सुनेच्या. बटण घट्ट झालं, म्हणजे हवा गेली. मी किल्ली फिरवली. गाडी एकदा खोकली, दुसऱ्यांदा खोकली आणि असा काही आवाज देऊन सुरू झाली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

पेटी घाईघाईत परत बसवली, कारण एसटीतून उतरून चालत येणारे अण्णा गल्लीच्या तोंडाशी दिसले होते.

ते आले. गाडीपाशी थांबले. मान तिरपी करून ऐकलं.

"आवाज बदललाय."

मल्लूनं तुटका पान्हा पाठीमागं लपवला.

"बरा हाय," ते म्हणाले. मग पेटीकडं बघितलं. मान आणखी तिरपी केली, आणखी, जवळजवळ कमरेत वाकले. "संग्राम."

"जी."

"आपला ऊस डोक्यावर का उभा हाय?"

*

आता शेवटचा किस्सा, आणि तो सांगताना संग्राम अजून उठून उभा राहतो.

त्यानंतर काही दिवस गाडी घोड्यासारखी पळाली. चढ तिला चढ वाटेना. मलकापूरकडच्या शाळा आम्हाला वेळेवर येताना बघून गोंधळल्या. पुढच्या आठवड्यासाठी आणखी शाळांनी बोलावलं. ज्या मुख्याध्यापकांनी आम्हाला फाटकात सुनावलं होतं, त्यांनी स्वतः फोन करून तारीख मागितली. मी एवढी खूश होते की संग्रामला गाडी दमते म्हणायची परवानगी दिली असती.

एका संध्याकाळी परत येताना, गावाच्या अलीकडच्या ओढ्यापाशी, सपाट रस्त्यावर गाडी थांबली. खोकलीही नाही. नुसती थांबली.

संग्रामनं पेटी सोडवून बाजूला घेतली, मी खाली वाकून बघितलं. फिल्टरच्या टोपीखाली ओलं होतं. फिल्टर सोडवला आणि कळलं. जुन्या फिल्टरची रबरी रिंग वर टोपीलाच चिकटून राहिली होती. आम्ही नव्या रिंगसकट नवा फिल्टर तिच्यावर आवळला होता. इतके दिवस दोन्ही रिंगा एका घरातल्या जावांसारख्या एकमेकींना दाबून राहिल्या, आणि आज नवीनं अंग काढून घेतलं. ती चिमटून तुटली होती. फटीतून हवा जात होती, डिझेल खाली सांडलं होतं. रिंग नाही, तर गाडी नाही.

रस्ता अरुंद, आणि उसाचा हंगाम. बघता बघता मागं ट्रॅक्टर येऊन थांबला, दोन ट्रॉल्या भरून ऊस, गाण्याचा आवाज आभाळाला. त्याच्यामागं दुसरा. ड्रायव्हर खाली उतरला. हातात दोर होताच.

"बांधू का? दारात न्हेऊन सोडतो."

"नको," आम्ही तिघं एकदम म्हणालो.

"म्हंजे?"

"ट्रॅक्टरला बांधायची न्हाय," संग्राम म्हणाला.

"मग काय वरात काढू?" ड्रायव्हर म्हणाला. मागून हॉर्न वाजायला लागले.

गाडी ढकलत बाजूला घ्यावी तर दोन्हीकडं चर. ओढ्यापुढं गावात शिरायचा चढ, तो तिघांच्या ढकलण्यानं होणार नव्हता. संग्राम स्टिअरिंगला हात लावून उभा होता. एवढा मोठा माणूस एवढासा दिसत होता. "संपलं," तो म्हणाला. "घरात अण्णांचा शब्द फिरत न्हाय."

मला त्याची कीव आली नाही, मला राग आला. एवढ्या शाळा, एवढी पोरं, आणि सगळं एका दोरावर अडलेलं.

तेवढ्यात शेतातून एक म्हातारबाबा बैलजोडी घेऊन रस्त्याला लागले. बैलांच्या मानेवर जू तसंच, मागं उलटा टाकलेला कुळव. कवडीसारखे पांढरे बैल, शिंगं रंगवलेली. बाबा थांबले.

"पावणं, अडलंय का?"

मल्लूनं बैलांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "अक्का, अण्णा काय म्हणाले होते? दुसऱ्या गाडीच्या शेपटाला. बरोबर?"

"मल्लू, अण्णांपुढं वकिली चालत न्हाय," संग्राम म्हणाला.

"इथं दुसरी गाडी कुठाय?"

"बाबा," मी म्हणाले, "जुंपता का?"

बाबांनी कुळव सोडून पिकअपमध्ये टाकला, सूक्ष्मदर्शकांच्या पेटीशेजारी. दोर पुढच्या हुकाला बांधला. संग्राम स्टिअरिंगवर बसला, मी आणि मल्लू मागून ढकलायला. ट्रॅक्टरवाल्यानं गाणं बंद केलं, खाली उतरला आणि तोही ढकलायला लागला. बाबांनी बैलांच्या पाठीवर हात ठेवला आणि जिभेनं एक आवाज काढला. बैलांनी माना खाली घातल्या. गाडी हलली.

चढ पार करून आम्ही गावात शिरलो तेव्हा दारादारात माणसं उभी होती. कुणी हसलं नाही. एकानं पुढं होऊन बैलांच्या कपाळाला हात लावला. काकू भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनीच बाहेर आल्या.

अण्णा दारात उभे होते.

बैल थांबले. गाडी थांबली. संग्राम उतरला. अण्णा गाडीकडं वळलेच नाहीत. ते बैलांपाशी गेले. एकाच्या वशिंडावरून हात फिरवला, दुसऱ्याचा ओठ वर करून दात बघितले, खुरांकडं बघितलं, परत मागं सरकून दोघांना एकत्र बघितलं.

"बैलं कुणाची?"

"माझीच की," म्हातारबाबा म्हणाले.

"घरची पैदास?"

"व्हय."

"अशी जोडी ह्या पट्ट्यात बघितली न्हाय." अण्णांनी मागं वळून हाक दिली, "वैरण आणा रं. आणि च्या टाका, बाबा बसत्यात."

संग्राम पुढं झाला. गाडीची चावी त्यानं तळहातावर ठेवली आणि हात पुढं केला. मी आणि मल्लू गाडीमागून बघत होतो, केसांपासून पायांपर्यंत डिझेल आणि धुळीनं माखलेले.

अण्णांनी चावीकडं बघितलं. मग संग्रामकडं, मग आमच्याकडं.

"ही मला कशाला देतोस?" ते म्हणाले. "बैलाला कुठं चावी लागतीया?"